महिन्याचं गणित विस्कटतं तेव्हा: काटकसर करताना घर हसतं कसं ठेवता?

दूधभाकर (धागाकर्ती)

काटकसरीबद्दल खूप वाचायला मिळतं. यादी करून बाजारात जा, डबा घरून न्या, रिकाम्या खोलीतला पंखा बंद करा. सगळं खरं आहे आणि आमच्याकडे ते अंगवळणी पडलेलंही आहे. पण काटकसर रोजच्या दिवशी मोडत नाही, ती फजितीच्या दिवशी मोडते, असं माझं ठाम मत झालंय. कुकरची रिंग जाते, दूध नासतं, पाहुणे दारात असताना सिलिंडर संपतो, ऐनवेळी गाडी चुकते. मग वैतागून बाहेरून जेवण मागवलं जातं, रिक्षा केली जाते, आणि महिनाभर जपून वाचवलेलं एका संध्याकाळीत उडून जातं. वर घरात धुसफूस. मुलं गप्प, मोठी माणसं एकमेकांवर खेकसतात. पैशांपेक्षा मला हे जास्त लागतं.

आम्ही डोंबिवलीत राहतो. आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. घराचा हप्ता, शाळेची फी आणि औषधं गेली की उरलेल्यात महिना काढायचा. हिशेब इतका ताणून बसवलेला की एक धक्का लागला तरी सगळं कोसळायचं. म्हणून आता पगार झाला की आठशे रुपये एका स्टीलच्या डब्यात ठेवतो. नाव 'फजितीचा डबा'. पैसे रोख, यूपीआयवर नाहीत, कारण डबा उघडला की किती उरलेत ते मुलांनाही दिसतं. ज्याची फजिती झाली त्याने पैसे घ्यायचे आणि चिठ्ठी टाकायची. महिनाअखेरीला सासूबाई चिठ्ठ्या मोठ्याने वाचतात. 'आजीच्या चष्म्याची दांडी.' 'पाण्याची बाटली बसमध्ये राहिली, नवी आणली.' 'छत्री उलटी झाली, काडी बसवून घेतली.' पूर्वी ज्या गोष्टीवरून रडारड व्हायची, तिची आता चिठ्ठी होते आणि मुलं ती कोणाची हे ओळखायला धडपडतात. उरलेल्या पैशांचं काय करायचं ते मुलं ठरवतात. बहुतेक वेळा आइस्क्रीम.

दुसरा भाग म्हणजे एक खण. जाड पोहे, रवा, भाजणी, मुगाची डाळ, पापड, मेतकूट, लोणचं. या खणाला रोज हात लावायचा नाही. ज्या दिवशी ठरलेला स्वयंपाक होऊ शकत नाही त्या दिवशीच तो उघडायचा. मऊ भात, मेतकूट, तूप आणि भाजलेला पापड असं ताट समोर आलं की बाहेरून मागवायचं कोणाच्या मनातही येत नाही.

एका रविवारी राणीच्या बागेत जायचं ठरलं होतं. आदल्या रात्री मेगाब्लॉक बघून ठेवला, तिखटमिठाच्या पुऱ्या तळल्या, बटाट्याची कोरडी भाजी केली. सकाळी पाऊस असा कोसळला की गाड्याच बंद. धाकटीचे डोळे भरले. सासूबाई शिक्षिका होत्या, त्या म्हणाल्या, "१८६२ सालची बाग आहे ती, पुढच्या रविवारी कुठे पळून जात नाही." मग गॅलरीत सतरंजी घातली, डबे तिथेच उघडले, शेजारची दोन मुलं त्यांच्या घरची शेंगदाण्याची चटणी घेऊन आली. पावसात बसून सगळ्यांनी पुऱ्या संपवल्या आणि दुपारभर पत्ते चालले.

तुमच्याकडे ठरलेलं मोडतं तेव्हा काय करता? खरे, केलेले उपाय लिहा.

---

नागपुरी_संत्रं

ताई, मस्त धागा. चिठ्ठ्यांची कल्पना तर फारच आवडली.

आमच्या विदर्भात फजितीचा महिना म्हणजे मे. कूलरच्या पाण्याची मोटर हमखास भर दुपारी जळते आणि मेकॅनिक म्हणतो उद्या संध्याकाळी येतो. तेवढ्यासाठी एसीचं कर्ज काढणारे लोक मी पाहिलेत. आम्ही काय करतो, तर जुन्या सुती चादरी पाण्यात पिळून खिडक्यांना लावतो आणि समोर टेबल फॅन ठेवतो. हवा कोरडी असल्याने पाणी झपाट्याने उडतं आणि खोली खरंच गार होते. (मुंबईकरांनी हे करू नये, दमट हवेत नुसता घाम येईल.) रात्री गच्चीवर पाणी मारायचं, दोन तासांनी अंथरुणं टाकायची. माझी मुलं मोटर जळायची वाट बघतात, कारण गच्चीवर झोपायला मिळतं!

विजेबद्दल एक सांगते. घरगुती बिलात शंभर युनिटपर्यंतचा दर आणि १०१ ते ३०० युनिटचा दर यात बराच फरक असतो. म्हणजे शंभराच्या पुढचं प्रत्येक युनिट जास्त बोचतं. जुना पंखा साधारण ७५ वॅट खातो, नवा बीएलडीसी पंखा त्याच्या निम्म्याहून कमी. आम्ही सगळे पंखे एकदम बदलले नाहीत. जो बिघडला त्याच्या जागी नवा आला. बिघाडाचाच उपयोग करून घेतला म्हणा ना.

आणि शिळ्या पोळ्या उरल्या की फोडणीची पोळी आहेच. वर कच्चा कांदा आणि लिंबू. आमच्याकडे मुद्दाम दोन पोळ्या जास्त केल्या जातात.

---

मेसचा_डबा

मी पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. आमचं सगळं आयुष्यच एका तारखेवर उभं असतं. ती पुढे गेली की खोलीभाडं, अभ्यासिकेची फी आणि मेस, तिन्ही खर्च पुढे सरकतात. गावाकडे आणखी पैसे मागायला जीभ रेटत नाही.

आम्ही तिघं एका खोलीत आहोत. तारीख पुढे गेल्याचं कळलं त्या संध्याकाळी कोणीच पुस्तक उघडलं नाही. सिंहगडाच्या पायथ्याला जाणारी बस धरली, पायवाटेने वर चढलो, येताना घरून आणलेली शेंगदाण्याची पोळी खाल्ली. बसभाड्यापलीकडे खर्च शून्य. दुसऱ्या दिवशी शांत डोक्याने हिशेब मांडला. मेसचे डबे तीनऐवजी दोन केले, भात खोलीवर इलेक्ट्रिक कुकरमध्ये लावायला लागलो. मेसची भाजी-पोळी आणि आपला भात यात तिघांचं पोट भरतं. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते तेव्हा आळीपाळीने एकाने पोहे करायचे. कोणाचे पोहे चांगले यावर आमच्याकडे गंभीर वाद आहेत.

ताईंचं म्हणणं पटलं. वाईट बातमीच्या दिवशी हिशेब करायला बसू नये. आधी पोटात काहीतरी जाऊ दे, थोडं चालून या, मग वही उघडा.

---

पासबुक

धागा चांगला आहे, पण एका मुद्द्यावर माझा विरोध नोंदवतो. डब्यात उरलेले पैसे आइस्क्रीमवर का? पोस्टाचं आवर्ती ठेवीचं खातं महिना शंभर रुपयांपासून उघडता येतं. उरलेले दोन-तीनशे तिथे गेले तर पाच वर्षांनी हातात चांगली रक्कम येईल. लहान फजितीला डबा पुरेल, पण दवाखाना, नोकरी जाणं, घराचं छत गळणं याला आठशे रुपये कुठे पुरणार? मुलांना मोठ्या अडचणीची तरतूद शिकवा.

---

दूधभाकर

@पासबुक, मोठ्या अडचणीची तरतूद हवीच आणि ती आमच्याकडे वेगळी आहे. हप्त्यासारखीच ती पगाराच्या दिवशी कापली जाते. तिला कोणी हात लावत नाही.

पण डब्यातलं उरलेलं मी साठवणार नाही, यावर ठाम आहे. उरलेला प्रत्येक रुपया ठेवीत जायला लागला की डबा उघडायला माणसं कचरतात. सासूबाई तुटक्या दांडीचा चष्मा दोरा बांधून वापरतील आणि बोलणार नाहीत. त्या खरंच तसं करतात! घरातल्या म्हाताऱ्या माणसाने पैसे मागताना संकोच करू नये, यासाठीच डबा आहे. आणि महिनाभर मन मारणाऱ्या मुलांना काटकसरीतून काही गोड मिळतं हे दिसायला हवं. नाहीतर कमवायला लागल्यावर पहिल्याच पगारात सगळी कसर भरून काढतील.

---

सोलापुरी_आबा

सर्वांना नमस्कार. मी वयाने मोठा आहे, त्यामुळे थोडं परखड लिहितो.

१९७२ च्या दुष्काळात मी शाळेत होतो. आईवडील दोघं रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जात. रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो (ज्वारीसारखं धान्य) मिळायची. भाकरी तांबडी, चवीला उग्र. कामावर सुकडी (कोरडा पौष्टिक खाऊ) वाटायचे, ती आई पदरात बांधून आमच्यासाठी आणायची. त्या काळात कोणी आम्हाला 'आनंदी राहा' असं सांगितलं असतं तर वडिलांनी त्याला दारात उभं केलं नसतं. ज्याच्या घरी चूल पेटायची पंचाईत आहे त्याला हा सल्ला देऊ नये. काटकसर करायलासुद्धा हातात थोडं काही असावं लागतं.

एवढं बोलून, त्या दिवसांतली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. आमच्यापासून काही लपवलेलं नव्हतं. मजुरीचं वाटप कधी होणार, झालं की आधी कोणाची उधारी द्यायची, काय आणायचं, हे रात्री आमच्यासमोर बोललं जायचं. वाटप लांबलं तर तेही सांगितलं जायचं. त्यामुळे आज डाळ नाही याचा राग आम्हाला आईबापावर कधी आला नाही. आता पाहतो, चांगल्या पगाराच्या घरातही मुलांपुढे पैशाचा विषय काढत नाहीत. मग सहल रद्द झाली की मुलाला वाटतं, बाबांना माझी किंमत नाही. दूधभाकरताईंच्या डब्यातले पैसे मुलांना दिसतात, ही त्यातली सगळ्यात चांगली गोष्ट आहे.

---

दूधभाकर

आबा, तुम्ही लिहिलंत ते फार मोलाचं आहे. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींची गोष्ट सांगते. त्यांच्या चाळीतल्या दहा बायकांची भिशी आहे, प्रत्येकी महिना पाचशे. कोणाचा नंबर कधी हे चिठ्ठी टाकून ठरतं. पण कोणाच्या घरी आजारपण आलं तर जिचा नंबर असेल ती आपणहून मागे सरते. अडलेलीला आधी. हे कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण आजवर मोडलेलं नाही असं मावशी सांगतात. एकट्याच्या डब्यापेक्षा हे कितीतरी पक्कं आहे.

---

दापोलीकर

कोकणात आम्ही पावसाळ्याआधी बेगमी करतो ती याचसाठी. पाऊस लागला की रस्ता, वीज, बाजार यातलं कधी काय बंद पडेल सांगता येत नाही. कुळथाचं पीठ, कोकमं, आगळ, सुकी मासळी, पापड, मातीत घोळवून ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या. हे मे महिन्यात घरात आलंच पाहिजे, असं आजीचं सांगणं असायचं.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा या बेगमीने आम्हाला तारलं. आधीच टाळेबंदी, त्यात वादळ. नारळी-पोफळी आडव्या झाल्या, घराची कौलं उडाली, वीज कितीतरी दिवस आली नाही, फोनही बंद. पंप चालेना म्हणून विहिरीवर रहाट पुन्हा बसवला. पडलेली शहाळी गोळा करून वाडीतल्या सगळ्या घरांत वाटली. फ्रीजमधलं सगळं पहिल्या दोन दिवसांत संपवून टाकलं आणि मग मागच्या पडवीतली, एरवी फक्त अंघोळीचं पाणी तापवायची चूल स्वयंपाकाला आली. एकाच चुलीवर तीन घरांचा भात शिजायचा. जळण वाचायचं आणि माणसं एकत्र जेवायची. रोज कुळथाची पिठी आणि भात. वर आठळ्या भाजून. आमच्या काकांची पोफळीची बाग गेली होती, वर्षांची मेहनत. ते जेवायला बसले की कोणी बागेचा विषय काढत नसे, मुलं मात्र त्यांना भुतांच्या गोष्टी सांगायला लावत. तेवढा वेळ तरी ते रमायचे.

त्यानंतर मी शहरातल्या भावालाही सांगितलं, एक रॉकेलचा कंदील नसला तरी चालेल, पण पंधरा दिवसांचं कोरडं सामान घरात असू दे. पैसे एटीएममधून निघायलाही वीज लागते.

---

लालडबा

प्रवासातल्या फजितीबद्दल लिहितो, कारण तिथे माहिती नसल्यामुळे पैसे जातात.

रेल्वेचं ई-तिकीट चार्ट लागल्यावरही पूर्ण प्रतीक्षा यादीतच राहिलं तर ते आपोआप रद्द होतं आणि थोडी रक्कम कापून पैसे खात्यात येतात. गाडी तुमच्या स्थानकावर तीन तासांपेक्षा जास्त उशिरा येणार असेल आणि तुम्ही जायचंच नाही असं ठरवलं, तर गाडी प्रत्यक्ष सुटण्याआधी टीडीआर (पैसे परत मागायचा रेल्वेचा अर्ज) भरा, पूर्ण पैसे मिळतात. बरेच लोक वैतागून तसेच घरी जातात आणि हक्काचे पैसे सोडून देतात.

एसटीत मार्च २०२३ पासून सर्व महिलांना निम्मं भाडं आहे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही निम्मं, आणि ७५ च्या पुढे राज्यात प्रवास मोफत. वयाचा पुरावा मात्र जवळ ठेवा. चार किंवा सात दिवसांचा 'आवडेल तेथे प्रवास' पास असतो. आम्ही सुट्टीत तोच काढतो. त्यात ठरवलेल्या गावाची गाडी नाही मिळाली तर जी गाडी लागलेली असेल तिच्यात बसायचं. कोल्हापूरला निघालो होतो आणि वाईला उतरलो, असं झालंय. घाटावर बसून डबा खाल्ला, ढोल्या गणपतीचं दर्शन घेतलं. मुलं अजून त्या सहलीबद्दल बोलतात.

---

नागपुरी_संत्रं

सिलिंडर किती उरलाय ते कसं ओळखता? आमच्याकडे तो नेहमी पुरणपोळीच्या दिवशीच संपतो.

---

दापोलीकर

ओलं फडकं सिलिंडरवरून एकदा वरपासून खालपर्यंत फिरवा आणि थोडं थांबा. आत द्रवरूप गॅस आहे तिथपर्यंतचा भाग गार असतो, तो उशिरा वाळतो. ओली रेघ जिथे थांबते तिथपर्यंत गॅस. वजनकाटा असेल तर आणखी सोपं: रिकाम्या टाकीचं वजन वर कड्यावर लिहिलेलं असतं, भरलेल्या घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. सणाच्या दोन दिवस आधी हे बघायचं.

---

सायसाखर

मी अन्नतंत्रज्ञानाच्या क्षेत्रात काम करते. उरलेलं वापरण्याबद्दल वर बरंच आलंय, म्हणून दोन गोष्टी कळकळीने सांगते.

भात. शिजवलेला भात रात्रभर ओट्यावर ठेवून सकाळी फोडणीला टाकू नका, विशेषतः उन्हाळ्या-पावसाळ्यात. तांदळात असलेल्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. ते विष परत गरम करूनही जात नाही. भात उरणार असं दिसलं की पसरट ताटात मोकळा करून लवकर गार करा आणि तास-दोन तासांत फ्रीजमध्ये टाका. मग सकाळी खुशाल फोडणीचा भात करा.

दूध. तापवताना नासलं तर आधी वास घ्या. नुसता आंबूस वास असेल तर ते वापरता येतं. वास घाण असेल किंवा चव कडवट लागली तर टाकून द्या, तिथे काटकसर नको. चांगलं असेल तर थोडं लिंबू पिळून नीट फाटू द्या, फडक्यात गाळा, गार पाण्याने एकदा धुवा म्हणजे आंबटपणा जातो. या छन्यात साखर आणि वेलची घालून मंद आचेवर कोरडं होईपर्यंत परतलं की झकास गोड पदार्थ होतो. तिखट हवं तर कांदा, मिरची, हळद घालून भुर्जी. गाळलेलं पाणी कणीक भिजवायला घ्या, पोळ्या मऊ होतात. माझ्या मुलीला हे गोड इतकं आवडतं की दूध नासल्याचा आवाज आला की ती वेलदोडे सोलायला बसते.

---

मेसचा_डबा

@सायसाखर ताई, आमच्या खोलीवर फ्रीज नाही. भात उरला तर मग काय करायचं?

---

सायसाखर

उरू देऊ नका, हाच खरा उपाय. तिघांना मिळून वाटीने तांदूळ मोजा आणि कमी पडला तर पोटभरीला पोहे किंवा दाणे-गूळ ठेवा. तरी एखाद्या दिवशी उरलाच, तर त्याच रात्री शेजारच्या खोलीत विचारा. अभ्यास करणारं कोणीतरी अकरा वाजता भुकेलेलं असतंच. आणि तूरडाळ शिजवत असाल तर अर्धा तास आधी भिजत घाला, कुकर बराच कमी वेळ चालतो.

---

मेसचा_डबा

विचारलं. दोघं जण ताट घेऊन आले, आणि त्यातल्या एकाकडे घरचं लोणचं निघालं. आता आठवड्यातून एकदा पाच जणांचा भात एकत्र लावायचं ठरलंय. पोह्यांची पाळीही आता पाच जणांत फिरेल.